फाट्यावर थांबणारी सायकल

युवराजनं डाव्या हातानं चहा गाळता गाळता उजव्या हाताचा अंगठा पँटच्या खिशात दाबला, आणि समोर कडुनिंबाखाली अभिमन आबांची सायकल थांबली.

ब्रेक लावून थांबली नाही. मागच्या चाकातली गुणगुण एकदम तुटली, सायकल हातभर घरंगळली आणि ओझं लादल्यासारखी जड होऊन उभी राहिली. आबांनी एक पाय जमिनीला टेकवला. टोपी काढून झटकली, पुन्हा घातली. मग हँडलवर तळहात ठेवून, खाली मान घालून ते बोलायला लागले.

"आबा उना भो," बाकड्यावरचा पुना म्हणाला. पुना मापाडी होता. बाजार नसेल त्या दिवशी त्याचा मुक्काम ह्याच बाकड्यावर. "सुरू व्हयनं बापलेकनं."

"चहा पी."

"पिस ना. पन आंगवर काटा येस का नई, सांग. बराबर त्याच जागावर. रोज."

युवराजनं गाळणी बादलीच्या काठावर आपटली. चोथा बादलीत पडायचा तो बाहेर पडला.

शिरपूरच्या पुढं मुंबई-आग्रा रस्त्यावरचा हा फाटा. गाव अलीकडं, मळे पलीकडं, आणि मधून सुसाट रस्ता. पूल होणार आहे असं सगळे म्हणतात. तोवर गावकऱ्यांनी दुभाजक फोडून आपली आपण वाट करून घेतलेली. कापूसवेचणीच्या दिवसांत त्याच वाटेवर एका टँकरनं आबांच्या प्रेमराजला उडवलं. एकुलता एक. पस्तिशीला आलेला, लग्न काही जमत नव्हतं. मुलीवाले आधी नोकरी विचारायचे, मग शेत, मग फोन उचलायचे बंद व्हायचे. त्याच्या मोटारसायकलचं काही उरलं नाही. सायकल तेवढी घरी होती, ती उरली.

त्या सायकलला बॅटरीचं किट प्रेमराजनंच बसवलं होतं. बापाचे गुडघे गेले म्हणून. पार्सल उघडलं ते ह्याच टपरीवर. दुपारच्या मंदीत तो आणि युवराज कडुनिंबाखाली गोणपाट पसरून बसले: मोटरचं चाक मागं, बॅटरी मधल्या दांड्यावर, हँडलला पिळायची मूठ, सीटखाली वायरींचा डबा. माहितीचं पुस्तक चिनी भाषेत होतं, तेव्हा दोघांनी आपापली अक्कल लावली. त्यामुळं झालं काय, सायकलला स्वभाव आला. पायडल अर्धा फिरवला की ती क्षणभर विचार करायची आणि मग एकदम झेपावायची. पाय थांबवले तरी थोडं अंतर आपल्या मर्जीनं जायची. बॅटरीचे दिवे शेवटपर्यंत सगळे लागलेले, आणि मग अचानक एकही नाही. ऊन फार चढलं की सीटखालचा डबा तापून मोटर बंद. सावलीत घटकाभर उभी केली की पुन्हा चालू. आबा तिला "बाई" म्हणायचे. "बाईना आज मूड नई," म्हणत ती ढकलत न्यायचे.

किटबरोबर चोरीच्या भीतीनं दोन रिमोट आले होते. बटण दाबलं की मोटर बंद, पुन्हा दाबलं की चालू. भोंगाही वाजायचा, पण कुत्री मागं लागायला लागली म्हणून प्रेमराजनं तो काढून टाकला. एक रिमोट त्यानं आबांच्या किल्लीला अडकवला. दुसरा युवराजच्या हातावर ठेवला.

"हाऊ तुमनापान ऱ्हाऊ द्या, भाऊ. म्हातारा जास्त रुबाब कराले लागना का दाबा."

असलं काही युवराजला दोनदा सांगावं लागत नसे. पन्नाशी जवळ आली तरी त्याच्या अंगातली खोड जिरली नव्हती. चाकात हवा भरायला आता पंपावर आधार कार्ड लागतं असं सांगून त्यानं पुनाला भर उन्हात घरी पिटाळलं होतं, आणि पुना झेरॉक्ससुद्धा काढून आला होता. शाळेसमोर पोरांच्या देखत आबांची सायकल बंद पाडली, तेव्हा आबांनी चाकाला लाथ घालून अख्ख्या चीन देशाची आयमाय काढली. टपरीमागं प्रेमराज हसता हसता खालीच बसला होता.

मग तो गेला. रिमोट गल्ल्यात पडून राहिला.

संक्रांतीनंतर कधीतरी काडेपेटी शोधताना तो हाताला लागला. दिवा लागतो का पाहावं म्हणून युवराजनं सहज दाबला. लागला. आणि नेमकी तेव्हाच कडुनिंबाखालून चाललेली सायकल थांबली.

युवराज हाक मारणार होता. तोंडही उघडलं होतं. पण आबांनी शिवी दिली नाही, लाथ मारली नाही. मागून ओळखीच्या कुणी बोलावल्यावर माणूस वळतो तसे ते वळले, आणि म्हणाले,

"काय रे?"

मागं कुणी नव्हतं. आबा तरी बराच वेळ तसेच उभे राहिले. मग हँडलवर हात ठेवून काहीतरी पुटपुटले आणि सायकल ढकलत मळ्याकडं गेले.

दुसऱ्या दिवशी युवराजनं दाबलं नाही. आबा कडुनिंबाखालून गेले, रस्त्याच्या कडेपर्यंत पोचले आणि परत फिरले. पुन्हा त्याच जागेवरून गेले, हळू. पुन्हा फिरले. पाय थांबवून, मान जरा तिरकी करून, कमी ऐकू येणाऱ्या माणसानं ऐकावं तसं. तिसऱ्यांदा वळले तेव्हा त्यांच्या तोंडाकडं युवराजला पाहवलं नाही. त्यानं खाली बघत दाबलं.

तेव्हापासून रोज.

गावात व्हायची ती चर्चा झाली. प्रेमराज बापाले थांबाडस. कडुनिंबाच्या बुंध्याशी कुणी नारळ ठेवून गेलं, कुणी उदबत्ती. आयुष्यातली सगळ्यात मोठी थाप युवराजला जमली होती, आणि ती कुणाला सांगायची सोय नव्हती. सासुरवाडीला, धुळ्याला, साखरपुडा होता. तो गेला नाही.

"पोट दुखस," त्यानं बायकोला सांगितलं.

"तुमनं पोट फाटावरच बरं ऱ्हास का?" दिपमाला म्हणाली, आणि एकटीच एसटीत चढली.

चैत्र लागला. डांबर मऊ पडायला लागलं. एका सकाळी आबा कडुनिंबाखालून टपरीवर आले, बशीत चहा ओतला, आणि न पिता म्हणाले,

"युवराज, तो जागा चुकस."

"कोन, आबा?"

"प्रेम. माले निंबखाले थांबाडस. तो निंबखाले पडना नई." बशीतला चहा हलू न देता आबांनी हनुवटीनं रस्त्याकडं दाखवलं, दुभाजकाच्या फोडलेल्या वाटेच्या पुढं, जिथं धुळ्याकडून येणाऱ्या गाड्या उतारावर वेग घेतात. "तठे पडना. तठे थांबाडाले पाहिजे ना त्यानी."

"तठे गाड्या येतस, आबा."

"येतीन ना. रस्ताच शे त्यास्ना."

आबांनी चहा पिऊन टाकला. बशी पुसल्यासारखी कोरडी करून ठेवली.

दुसऱ्या दिवसापासून कडुनिंबाखालचं बोलणं आटोपतं झालं. सायकल पुन्हा सुरू करून आबा रस्त्यावर जायचे, दुभाजक ओलांडायचे, आणि नेमके त्या जागी पाय सैल सोडायचे. सायकल तिच्या सवयीनं थोडी पुढं सरकायची, तेवढ्यानंच ते पलीकडं लागायचे. ट्रकवाले हॉर्न देत, खिडकीतून हात काढून शिव्या घालत. आबा मान तिरकी करून ऐकत. युवराजचं दूध दोनदा करपलं. गिऱ्हाईक बोललं तरी त्याचे डोळे पलीकडच्या कडेला आबांची टोपी दिसेपर्यंत हलत नसत.

मग आबांनी म्हैस भाच्याला देऊन टाकली. मळ्यातल्या मोटरची किल्ली भावकीत देऊन आले. एक दिवस पिशवीतून नवं धोतर काढून त्यांनी युवराजपुढं धरलं, कापड दुकानदाराला दाखवावं तसं.

"आखाजीले नेसाले. चांगलं शे ना?"

"चांगलं शे. कोठे जानं शे का?"

"बोलावस तो. म्हणस, आखाजीना दिन येजा."

पुनानं बाकड्यावरून मान वळवली. युवराज हसला. हसण्याचा आवाज त्याला स्वतःलाच परका वाटला.

त्या रात्री त्याला झोप आली नाही, आणि सकाळी त्यानं पहिलं काम केलं ते पुनाला पिटाळायचं. बाजार समितीत तुझा काटा सील करायला साहेब आलाय म्हणून सांगितलं. पुना चहा टाकून पळाला. आबा आले, तेव्हा टपरीवर दुसरं कुणी नव्हतं. युवराजनं दाबलं नाही, सरळ हाक मारली. आबा खाली उतरून आत आले. त्यानं खिशातला रिमोट काढून फळीवर ठेवला.

"हाऊ देखा, आबा."

आबांनी पाहिला.

"मी दाबस. रोज. प्रेम थांबाडत नई, कोनीच थांबाडत नई. मी आठे उभा ऱ्हाईसन दाबस. जलमभर थापा मार्यात, हाई बी थापच शे." त्यानं रिमोट पुढं सरकवला. "मारा दोन जोडा. पन त्या रस्तावर थांबू नका."

आबांनी रिमोट उचलला, उलटा केला, अंगठ्यानं त्याच्यावरची साखर पुसली. मग कमरेची किल्ली काढली. तिच्यातला रिमोट त्यांनी ह्याच्या शेजारी ठेवला. दोन सारखे, काळे, एकाचा कोपरा घासलेला.

"माले माहीत शे," ते म्हणाले.

युवराजनं दोन्ही रिमोटकडं पाहिलं.

"दोन उनथात. एक मनापान. दुसरा कोनापान ऱ्हायना? शाळापुढे तुमी दोन्ही माले येडा बनाडं, तव्हय का मी आंधया व्हतू?"

"मंग, आबा..."

"मंग काय. तू दाबस, हाई मी देखस. पन तुले दाबाले कोन लावस?"

बाहेरून एक लांबलचक ट्रेलर गेला. फळीवरच्या बरण्या किणकिणल्या. तो पूर्ण जाईपर्यंत आबा थांबले.

"एक दिन तू दाबं नई. मी फिरी उनू, पुन्हा फिरी उनू. मंग तू दाबं. काबर दाबं? तुले मी सांगं व्हतं?" त्यांनी युवराजचा हात उचलला, त्याचा अंगठा दोन बोटांत धरून जरा वर केला, भेंडी ताजी आहे का बघावी तसा. "हाऊ अंगठा तुना शे. दाबनारा तू नई."

युवराजनं हात ओढून घेतला नाही. ओढावा असं त्याला वाटत होतं.

"म्हनीसन आखाजीले पितर तूच," आबा म्हणाले. "घरमा अक्काले मी सांगी ठेयेल शे."

खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गेलेल्यांच्या नावानं घागर भरतात, आणि त्यांच्या जागी एका जित्या माणसाला पाटावर बसवून जेवू घालतात. तो पितर. पाय धुतल्यापासून हात धुवेपर्यंत तो घरातला गेलेला माणूस असतो. युवराज कैक घरचा पितर झाला होता. सुकदेव नानांच्या वडिलांच्या जागी बसून त्यानं एकदा बिडी मागितली होती, आणि अख्खं घर रडता रडता हसलं होतं. पण ते आजे-पणजे होते. त्यांच्या जागी बसायला काही वाटत नसे.

"मना कंबरमा चमक शे आबा, मी पाटावर..."

"येजो," आबा म्हणाले. आपली किल्ली उचलून ते निघाले. दुसरा रिमोट त्यांनी तिथंच ठेवला.

दुपारी युवराजनं आलं ठेचायच्या दगडानं तो रिमोट ठेचला. चुरा मागच्या नालीत टाकला, वरून बादलीभर पाणी ओतलं.

दुसऱ्या दिवशी ऊन असं होतं की कडुनिंबाखालची कुत्री नालीत जाऊन बसली होती. आबा आले. कडुनिंबाकडं त्यांनी पाहिलंही नाही. सायकल गुणगुणत रस्त्यावर चढली, अलीकडची बाजू ओलांडली, दुभाजकाच्या वाटेतून पलीकडं उतरली. आणि थांबली.

बरोबर तिथंच.

डबा तापला होता, दुसरं काही नाही. असल्या उन्हात तो तापणारच. हे युवराजला माहीत होतं, आणि माहीत असून त्याचा हात आधी खिशात गेला. खिसा रिकामा होता. आबा एक पाय डांबरावर टेकवून उभे होते, टोपी काढून झटकत होते, आणि धुळ्याकडून उतारावर एक ट्रक येत होता. हॉर्न सुरू झाला तो थांबेना. युवराज कधी पळाला ते त्याला कळलं नाही. त्यानं आबांना बखोटीला धरून ओढलं, सायकल त्यांच्या पायात अडकून बरोबर ओढली गेली, आणि ट्रकचा गरम वारा दोघांच्या तोंडावरून गेला. टोपी कुठं गेली ती सापडली नाही.

पलीकडच्या कडेला दोघं बसले. आबांचं कोपर खरचटलं होतं. तोंडावर समाधान होतं, लग्नघरातल्या यजमानासारखं.

"देखं? आज तू दाबं नई."

"डबा तापना, आबा. ऊन देखा किती शे."

"हा, तापना," आबा म्हणाले. "बराबर तठे जाईसनच तापना."

युवराजनं सायकल उचलून कडेला उभी केली.

"आते परवादिन आखाजी," आबा म्हणाले. "पहिले तुले जेवाडसू. मंग मी मोकया."

आखाजीला युवराज आबांच्या दारात पोचला तेव्हा सायकल ओट्याला लावलेली होती. पुसून लख्ख केलेली, बॅटरी भरलेली, सगळे दिवे लागलेले. आत पाण्यानं भरलेली घागर, तिच्यावर खरबूज, बाजूला आंबे. भावकीतले दोघे-तिघे भिंतीला टेकून बसलेले. आबांनी नवं धोतर नेसलं होतं. त्यांनी युवराजचे पाय धुतले. त्यांचा हात पायावर फिरताना युवराजनं डोळे मिटून घेतले. कपाळाला गंध लावलं, पाटावर बसवलं. चुलीतल्या निखाऱ्यांवर घास टाकला. तूप चरचरलं, घरभर धूर झाला.

भिकू अक्का, प्रेमराजची आई, वाढत होती. प्रेमराज गेल्यापासून ती घराबाहेर फारशी पडली नव्हती. युवराजनं तिला इतक्या जवळून तेराव्यानंतर आज पाहिलं. ती त्याच्या तोंडाकडं न बघता वाढायची. खापरावरची पुरणपोळी, कुरडई, भजी, रसाची वाटी.

युवराज हळू जेवत होता. एक घास, पाणी, दुसरा घास. आपण उठलो की आबा उठणार, हे त्याला दिसत होतं. किल्ली आबांच्या मुठीत होती. ताटातलं संपत आलं तसं त्याला पहिल्यांदा समजलं की थाप मारायची तर आत्ताच, आणि ती जमली नाही तर पुन्हा कधीच काही जमणार नाही.

आबा समोर येऊन बसले. हात जोडले.

"काय म्हणस, भाऊ? निंघू ना मी?"

युवराजनं मान वर केली नाही. प्रेमराज बापाशी कसा बोलायचा ते त्यानं आठवलं. प्रेमराज बापाशी नेहमी चिडूनच बोलायचा.

"बाईले भर उनमा काबर काढतस तुमी?" तो म्हणाला. "कितीदाव सांगं, डबा तापस म्हनी. आयकतस का?"

भिंतीला टेकलेला एकजण सावरून बसला.

"आनि म्हैस कसाले दी? कोनले इचारीसन दी? परत आना तिले. केळीले पानी कोन देई, मी येवाव शे का आते?" आवाज त्याचाच होता, पण चढत गेला तसा त्याला तो थांबवता येईना. "तुमी फाटावर काय करतस रोज? तठे कोनी नई. मी निंघनू तठून."

"निंघना?" आबा म्हणाले.

"हा."

"कव्हय?"

"परवादिन. त्या ट्रकमांगे."

"कोठे जाशी?"

"दूर. तठे सायकल येत नई."

निखारे तडतडले. आबांचे जोडलेले हात हळूहळू खाली आले. किल्ली त्यांनी चटईवर ठेवली आणि तिच्याकडं बघत बसले, कुणाची आहे ते आठवत असल्यासारखे. मग उठून त्यांनी स्वतःच्या हातानं युवराजच्या पानात अर्धी पोळी वाढली.

"बरं," ते म्हणाले. "म्हैस आनस परत."

भिकू अक्का रस वाढायला वाकली होती. वाटी काठापर्यंत भरली, भरून वाहिली, रस ताटात पसरून भज्यांपर्यंत गेला, तरी ती ओतत होती. युवराजनं वाटीवर हात आडवा धरला, तेव्हा ती थांबली. त्यानं भराभर उरलेलं संपवलं, हात धुतले, आणि कुणाकडं न बघता चपला पायात सरकवल्या. गल्लीच्या तोंडाशी येऊन त्यानं कपाळावरचं गंध बाहीनं पुसलं.

आबा फाट्यावर यायचे बंद झाले. म्हैस परत आली. आबा मळ्यात जायचे ते आता भाच्याच्या ट्रॅक्टरवर, रस्त्याखालच्या बोगद्यातून, लांबच्या वाटेनं. युवराजची भूक परतली, मग जीभ परतली. मापाड्यांना यंदापासून स्वतःचं वजन करून दाखला द्यावा लागणार आहे, असं त्यानं सांगितलं, तेव्हा पुनानं संशयानं पाहिलं आणि तरी विचारलं,

"जेवानंतर का जेवाना पहिले?"

युवराज त्याचं उत्तर जुळवत होता, तेवढ्यात गावाच्या बाजूनं गुणगुण ऐकू आली.

त्याला वाटलं, आबा. पण सायकलवर कुणी नव्हतं. भिकू अक्का तिच्या शेजारून चालत होती. नऊवारी खोचलेली, डोक्यावरचा पदर घसरलेला, एक हात हँडलवर, दुसऱ्या हाताची मूठ एक्सलेटरवर आवळलेली. तिला सायकल येत नव्हती. सायकल तिला ओढून नेत होती, आणि ती फरफटल्यासारखी भराभर पावलं टाकत होती.

कडुनिंबाखालून ती गेली. सायकल थांबली नाही.

रस्त्याच्या कडेशी तिनं अंग टाकून सायकल कशीबशी वळवली आणि परत आली. पुन्हा निंबाखालून गेली. पुन्हा वळली. मूठ सोडली की ती थांबते हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल. तिसऱ्या वेळेला ती वळली नाही. सायकल तिला घेऊन सरळ रस्त्यावर चढायला लागली.

युवराजनं खिसा चाचपला. मग तो फळीवरून उडी मारून पळाला.

पुढचं चाक डांबराच्या पांढऱ्या रेघेवर गेलं होतं. त्यानं मागून हात घालून ब्रेकची दांडी दाबली. गुणगुण तुटली. सायकल जड झाली, उभी राहिली. धुळ्याकडं जाणारा एक टँकर आला आणि हॉर्न देत त्यांच्या पुढ्यातून निघून गेला. अक्काचं लुगडं फडफडलं.

ती वळून बघत नव्हती. समोर, रस्त्याकडंच तोंड करून उभी होती.

"तू निंघना म्हने," ती म्हणाली. "माले न भेटता?"

युवराजला धाप लागली होती. ब्रेक त्यानं धरून ठेवला होता. सोडला असता तर सायकल पुन्हा चालू लागली असती, कारण तिची मूठ अजून पिळलेलीच होती. "अक्का" म्हणायला त्यानं तोंड उघडलं. अक्का, मी युवराज. तेवढंच म्हणायचं होतं.

"उना का?" तिनं विचारलं.

आणखी एक गाडी गेली. मग आणखी एक.

"हा, माय," तो म्हणाला.

मूठ सैल झाली. तिनं पदर डोक्यावर घेतला, सायकल त्याच्या हातात सोडली, आणि रस्त्याच्या कडेलाच, मुरुमावर, टेकून खाली बसली. शेजारची जागा तिनं हातानं झाडली.

"बठ," ती म्हणाली. "माले घाई नई."

टपरीवर दूध उतू गेल्याचा वास इथवर आला. पुना हाक मारायला उठला होता. हात वर, तोंड उघडं, पण नाव काही त्याच्या तोंडून बाहेर येत नव्हतं.